३१ टनांचे काम ८० टनी प्रेसवर का अडते?

आमच्या टूलरूममध्ये पत्र्याचे गोल कप ओढणारी एक डाय (साचा) वर्षभरात तीन वेळा परत आली आणि तिन्ही वेळा तिच्यासोबत आलेल्या चिठ्ठीवर एकच वाक्य होते, "डाय टाइट आहे, प्रेस अडते." तिन्ही वेळा आम्ही डायच्या तोंडाची गोलाई घासली, पॉलिश केले, ट्रायल घेतली, पन्नास नग काढून दाखवले आणि डाय परत पाठवली, काही आठवडे ती नीट चाले आणि मग एखाद्या नव्या कॉइलवर (पत्र्याच्या गुंडाळीवर) पुन्हा तेच सुरू होई. तिसऱ्या खेपेनंतरही तेच झाले तेव्हा डाय न उघडता आधी हिशेब उघडला, आणि तेव्हा लक्षात आले की दोष डायमध्ये थोडा होता खरा, पण मुख्य चूक आम्ही टनेज कशाला म्हणतो यात होती. अशीच तक्रार इतर शॉपमध्येही वारंवार येते, म्हणून तपासणी ज्या क्रमाने केली त्याच क्रमाने, आकड्यांसह मांडत आहे.

कामाचा तपशील असा. ईडीडी (खूप खोल ओढता येणाऱ्या) प्रतीचा १.६ मिमी जाडीचा सीआरसीए (थंड लाटून मऊ केलेला) पत्रा, २४५ मिमी व्यासाचा ब्लँक (कापलेली सपाट चकती), त्यातून एकाच ड्रॉमध्ये (ओढीत) १४० मिमी व्यासाचा आणि सुमारे ७२ मिमी खोलीचा कप. प्रेस ८० टनी, सी-फ्रेम, मेकॅनिकल, एअर क्लचची, १६० मिमी स्ट्रोकची आणि बेडखाली एअर कुशन (हवेच्या दाबावर वर रेटणारे सिलिंडर) असलेली. डाय उलटी, म्हणजे पंच खाली बोल्स्टरवर, डाय वर स्लाइडला, आणि ब्लँक होल्डर (पत्र्याचा काठ दाबून धरणारी प्लेट) कुशनच्या पिनांवर. लक्षण असे की स्लाइड खाली येताना पत्र्याला लागल्यानंतर थोड्याच अंतरावर तिचा वेग मंदावतो, क्लच किंचाळतो, लायनिंगचा जळका वास येतो आणि एखाद्या वेळी स्लाइड अर्ध्यात थांबते. काही कॉइल मात्र संपूर्ण शिफ्ट विनातक्रार चालतात. हा दुसरा भाग फार महत्त्वाचा आहे, कारण डाय खरोखरच घट्ट असती तर तिने सगळ्याच कॉइलवर सारखा त्रास दिला असता.

सर्वात आधी बिनखर्चाच्या गोष्टी तपासाव्यात. क्लचची हवा प्रेस चालू असताना, प्रत्यक्ष क्लचजवळच्या गेजवर पाहावी. कॉम्प्रेसरजवळच्या गेजवर विसंबू नये. दुसऱ्या शिफ्टला सगळी सीएनसी मशिने हवा ओढू लागली की लाइनचा दाब उतरतो, आणि ५.५ बारऐवजी ४ बार मिळाला तर क्लचचा टॉर्क पाऊण हिश्श्याच्याही खाली जातो, कारण क्लच सोडवणाऱ्या स्प्रिंगांचा विरोध काही कमी होत नाही. पट्टे सैल आहेत का, लायनिंगला तेल लागले आहे का, हेही त्याच फेरीत पाहून घ्यावे. आमच्याकडे हे सगळे ठीक होते. ओव्हरलोडचे सेटिंग वाढवून पाहण्याचा मोह या टप्प्यावर होतो, तो कटाक्षाने टाळावा; तसे केल्याने अडचण सुटत नाही, फक्त ती क्लचकडून क्रँकशाफ्टकडे सरकते.

ज्या प्रेसवर ३२ टन सहज जातात

याच प्रेसवर याच कामाचा २४५ मिमीचा ब्लँकही कापला जातो. त्याचा हिशेब सगळ्यांना पाठ असतो: परीघ गुणिले जाडी गुणिले पत्र्याची शिअर स्ट्रेंग्थ. परीघ ७७० मिमी, जाडी १.६ मिमी, आणि टेन्साइल (ताणून तुटण्याची ताकद) ३२० न्यूटन प्रति चौरस मिमी धरली तर तिच्या ८० टक्के म्हणजे २५६ ही शिअर स्ट्रेंग्थ. गुणाकार ३१५ किलोन्यूटन होतो, म्हणजे ३२ टन. ब्लँकिंग करताना ही प्रेस कधी कुरकुरली नाही.

आता ड्रॉचा हिशेब. प्रचलित सूत्र असे आहे: ३.१४ × कपाचा व्यास × जाडी × टेन्साइल × (ब्लँकचा व्यास ÷ कपाचा व्यास − ०.७). आपल्या कामात ब्लँक आणि कप यांचे गुणोत्तर १.७५ आहे, म्हणून कंस १.०५ होतो आणि बल २३६ किलोन्यूटन, म्हणजे २४ टन येते. त्यात ब्लँक होल्डरचे बल मिळवावे लागते. डायच्या तोंडाबाहेर उरणारा पत्रा सुमारे २७,००० चौरस मिमी, त्यावर २.५ न्यूटन प्रति चौरस मिमी इतका दाब धरला तर ६८ किलोन्यूटन, म्हणजे ७ टनांच्या जवळ. एकूण ३१ टन. ब्लँक होल्डरचे ७ टन पुष्कळ जण सोडून देतात. "ते कुशन देते, प्रेस नाही" असा युक्तिवाद मी स्वतः ऐकला आहे. उलट्या डायमध्ये कुशनला खाली दाबणारी स्लाइडच असते, त्यामुळे कुशनचा प्रत्येक टन स्लाइडच्या खात्यातूनच वजा होतो.

म्हणजे ३२ टनांचे ब्लँकिंग सहज होते आणि ३१ टनांचा ड्रॉ अडतो. प्रेसच्या पाटीवर ८० टन लिहिलेले आहे. येथे बहुतेकांचा विश्वास सूत्रावरून उडतो आणि "पुस्तकातला हिशेब शॉपवर चालत नाही" हे वाक्य येते. सूत्र आपल्या जागी बरोबर होते. आम्ही त्याचे उत्तर चुकीच्या आकड्याशी ताडून पाहत होतो.

पाटीवरचे ८० टन कोठे मिळतात

मेकॅनिकल प्रेसच्या पाटीवरचे टनेज हे स्लाइड अगदी तळाशी येण्याच्या किंचित आधी, बॉटम डेड सेंटरच्या वर ठरावीक अंतरावर मिळणारे टनेज असते. ते अंतर प्रेसच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. आमच्या प्रेसचे ते ६ मिमी आहे. त्या ६ मिमीच्या आत मर्यादा फ्रेमच्या ताकदीची असते आणि त्याच्या वर क्लच व क्रँकशाफ्ट किती टॉर्क पेलू शकतात याची. टॉर्क तोच असला तरी क्रँक आडवी होत जाईल तसे स्लाइडला मिळणारे बल घटत जाते. अंधारात ट्रकचे चाक पान्याने सोडवणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. हात तोच, पण पाना कोणत्या कोनात धरला आहे त्यावर नट हलतो की नाही ते ठरते.

हे बल मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काढता येते. तळापासूनची उंची "क" धरली, स्ट्रोक १६० मिमी आणि पाटीचे अंतर ६ मिमी असेल, तर उपलब्ध बल म्हणजे ८० टन गुणिले (६ × १५४) चे वर्गमूळ, भागिले (क × (१६० − क)) चे वर्गमूळ. कनेक्टिंग रॉडच्या लांबीचा परिणाम यात सोडलेला आहे. त्याने आकडा थोडा हलतो, पण निर्णय बदलत नाही. या सूत्राने १२ मिमी उंचीवर ५८ टन, २५ मिमीवर ४२ टन, ४८ मिमीवर ३३ टन आणि ७२ मिमीवर ३०.६ टन मिळतात. स्ट्रोकच्या मध्यावर, ८० मिमी उंचीवर, ८० टनी प्रेस ही फक्त ३०.४ टनी प्रेस असते.

ब्लँकिंग १.६ मिमीच्या आत, तेही अगदी तळाजवळ उरकते, म्हणून त्याला पूर्ण ८० टनांचा आधार मिळतो. ड्रॉ मात्र तळापासून ७२ मिमी वर सुरू होतो. सुरुवातीला बल कमी असते, कारण पत्रा अजून पंचाच्या गोलाईवर वळतच असतो. साधारण एक तृतीयांश खोली ओढली गेली की ते शिखर गाठते आणि नंतर फ्लँज (बाहेर उरलेला सपाट काठ) लहान होत गेल्यामुळे उतरते. आपल्या कपात ते शिखर तळापासून ४८ मिमीच्या आसपास येते. तेथे हवेत ३१ टन आणि मिळतात ३३ टन. सगळा पत्रा सर्टिफिकेटप्रमाणे, सगळी हवा गेजप्रमाणे आणि सगळे वंगण वेळच्या वेळी, असे असेल तर हे काम जेमतेम निभते. यातले काहीही हलले की अडते. आमची तक्रार कॉइलगणिक का बदलत होती, याचे उत्तर या दोन टनांत होते.

पाटीचे अंतर किती फरक पाडते हेही येथे पाहून घ्यावे. हीच ८० टनी प्रेस ६ ऐवजी ३ मिमीला मोजलेली असती, तर ४८ मिमी उंचीवर तिच्याकडून २४ टनही मिळाले नसते. जुनी प्रेस विकत घेताना पाटीवर हे अंतर नसेल आणि पुस्तिकाही हरवलेली असेल, तर ड्रॉचे काम तिच्यावर लावण्याआधी निर्मात्याकडून ते लेखी मागवणे योग्य.

हायड्रॉलिक प्रेसला हा प्रश्न नाही. तिचे ८० टन म्हणजे स्ट्रोकमध्ये कोठेही ८० टन, आणि म्हणूनच खोल ड्रॉचा हिशेब करताना या दोन प्रकारच्या प्रेसची पाटी एकाच नजरेने वाचता येत नाही.

जोर आहे, दम नाही

टॉर्कचा हिशेब लागल्यावर मी समाधानी होतो, पण आमच्या प्रेस शॉपमधल्या जुन्या सेटर मामांनी एक गोष्ट दाखवली जी त्या हिशेबात बसत नव्हती. एक नग काढून दहा सेकंद थांबले आणि मग दुसरा काढला, तर जड कॉइलसुद्धा बहुतेक वेळा जाते; सलग चालवले की पाचव्या-सहाव्या नगाला अडते. "साहेब, प्रेसला जोर आहे, पण दम नाही," असे ते म्हणाले. टॉर्क कमी पडत असता तर पहिलाच नग अडला असता. दर स्ट्रोकला थकत जाणारी वस्तू प्रेसमध्ये एकच असते, ती म्हणजे फ्लायव्हील.

बल आणि ऊर्जा हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि शीटमेटलच्या कामात दुसरा जवळजवळ कोणी करत नाही. ब्लँकिंगची ऊर्जा म्हणजे ३१५ किलोन्यूटन गुणिले १.६ मिमी, त्याच्या साधारण निम्मी, कारण पत्रा अर्धा कापला गेल्यावर उरलेला तुटतो. हे पाव किलोजूल होते. ड्रॉची ऊर्जा म्हणजे २३६ किलोन्यूटन गुणिले ७२ मिमी, त्याच्या सुमारे ७० टक्के, म्हणजे १२ किलोजूलच्या जवळ. त्यात कुशन दाबण्याचे ६८ किलोन्यूटन गुणिले ७२ मिमी म्हणजे ५ किलोजूल मिळवावे. एकूण सुमारे १७ किलोजूल. टनेज जवळजवळ तेच असूनही हे काम ब्लँकिंगच्या साठपटींहून अधिक ऊर्जा खाते. तुलनेसाठी, ८० टन गुणिले पाटीचे ६ मिमी हा गुणाकार फक्त ४.७ किलोजूल होतो, आणि ब्लँकिंगसाठी बांधलेल्या प्रेसकडून सलग चालीत याच्या फार पुढची अपेक्षा ठेवणे धाडसाचे आहे.

आम्ही संपर्करहित टॅकोमीटर लावून फ्लायव्हीलचा वेग मोजला. रिकामी असताना ३०० फेरे; मध्यम कॉइलवर ड्रॉच्या शेवटी २३५. वेग २२ टक्क्यांनी उतरला, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे जाते, त्यामुळे साठ्यातली जवळजवळ ३९ टक्के ऊर्जा एका नगात खर्च झाली होती. पुढचा स्ट्रोक येईपर्यंत मोटरला ती भरून काढायला पुरेसा वेळ मिळाला नाही की दुसरा नग आधीच मंद फ्लायव्हीलवर सुरू होतो, तिसरा त्याहून मंद, आणि सहाव्याला स्लाइड थांबते. सलग चालीत वेग १० ते १५ टक्क्यांहून अधिक उतरू नये आणि एकेका स्ट्रोकवर चालवताना २० टक्क्यांपर्यंत चालून जावे, असा ढोबळ नियम आम्ही पाळतो. त्या कसोटीवर हे काम सुरुवातीपासूनच नापास होते. टॅकोमीटरची ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि डाय उतरवण्याआधी ती केलीच पाहिजे, असे आता माझे मत झाले आहे. तीन वेळा डाय पॉलिश करण्यात आमचे जे दिवस गेले ते याच पाच मिनिटांअभावी.

कुशनचा दाब स्थिर नसतो

कुशनच्या गेजवर ५.४ बार दिसत होते आणि ४०० मिमी व्यासाच्या सिलिंडरला तेवढ्यात ६८ किलोन्यूटन मिळतात, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. परंतु हा आकडा स्लाइड वर असतानाचा आहे. स्लाइड ७२ मिमी खाली येते तेव्हा सिलिंडरमधली ९ लिटर हवा मागे टाकीत ढकलली जाते. टाकी आणि पाइप मिळून एकूण जागा १५० लिटर असेल तर दाब ५.४ वरून ५.८ च्या जवळ जातो आणि कोणाचे काही बिघडत नाही. आमच्या प्रेसवर कधीतरी मूळ टाकी गळते म्हणून काढून एक छोटी टाकी बसवलेली होती, आणि एकूण जागा ३० लिटरच भरली. तेवढ्या जागेत निरपेक्ष दाब ६.४ वरून ९ बारच्या वर जातो, म्हणजे गेजवर ८ बार. ड्रॉच्या शेवटी कुशन ७ नव्हे तर १० टनांनी विरोध करत होते. शिखराच्या ठिकाणी, पहिल्या २४ मिमीनंतर, ही वाढ मोठ्या टाकीसारखी अडीच टक्क्यांची नव्हे तर तेराच्या आसपास होती, म्हणजे उरलेल्या दोन टनांपैकी जवळजवळ एक टन तेथेच गेला. कुशनच्या गेजकडे स्लाइड तळाशी असताना एकदा पाहिले असते तर हे पहिल्या दिवशीच दिसले असते. गेजचा काटा प्रत्येक स्ट्रोकला उडत असेल तर टाकी लहान आहे, इतके साधे निदान आहे.

डायचाही काही दोष होता

अर्ध्यात अडकलेला एक नग मी टूलरूममध्ये घेऊन आलो. अशा नगांना लोक भंगारात टाकतात, पण अडलेल्या जागीच थांबलेला पत्रा यासारखा दुसरा साक्षीदार नाही. त्याच्या फ्लँजच्या काठाला मायक्रोमीटर लावला तर जाडी १.८२ मिमी भरली. ब्लँकचा परीघ आत ओढला जाताना आकसतो, तेव्हा काठ जाड होणे स्वाभाविकच आहे. पंच आणि डाय यांच्यातली एका बाजूची मोकळीक मात्र १.६५ मिमी निघाली. म्हणजे ओढ संपत येते तेव्हा १.८२ चा काठ १.६५ च्या फटीतून जबरदस्तीने पिळून काढला जात होता. पूर्ण झालेल्या कपांवर याची खूणही स्पष्ट होती: वरच्या काठापासून खाली बोटभर रुंदीचा पट्टा आरशासारखा चकचकीत, आणि बाकीची भिंत मात्र पत्र्याच्या मूळ मळकट रंगाची. त्या पट्ट्याला आम्ही वर्षभर "फिनिश चांगले आले" म्हणत होतो.

ड्रॉच्या सूत्रात ही पिळणूक धरलेली नसते. मोकळीक जाडीच्या किमान १.१ पट ठेवली तरच सूत्राचा आकडा लागू पडतो. आमच्या कामात ती १.७६ मिमी होते. डायच्या तोंडाची गोलाईही ८ मिमी होती, म्हणजे जाडीच्या पाच पट. ती आठ पटींच्या आसपास असावी लागते. गोलाई फार वाढवली तर पत्रा ब्लँक होल्डरमधून लवकर सुटतो आणि तोंडाशी सुरकुत्या पडतात, म्हणून दहा पटींच्या पुढे जाऊ नये.

सूत्राबद्दल एक गोष्ट येथे सांगून टाकतो, कारण तीवरून नेहमी वाद होतात. कपाच्या भिंतीची ताकद म्हणजे परीघ गुणिले जाडी गुणिले टेन्साइल, आपल्या कामात २२५ किलोन्यूटन, २३ टन. सूत्र मात्र २४ टन लागतील म्हणते. म्हणजे सूत्रावर शब्दशः विश्वास ठेवला तर कप फाटलाच पाहिजे. गुणोत्तर १.७ च्या वर गेले की कंस एकाहून मोठा होतो आणि हे दरवेळी घडते, पण चांगला ईडीडी पत्रा प्रत्यक्षात २ च्या जवळपासच्या गुणोत्तरापर्यंत फाटत नाही. सूत्र मुद्दाम वरच्या बाजूला झुकलेले आहे. प्रेस निवडायला ते उत्तम आहे. कप फाटेल की नाही हे त्यावरून ठरवू नये, त्यासाठी गुणोत्तर पाहावे.

पत्र्याचा आकडा कोणता धरावा

हिशेबात आम्ही ३२० टेन्साइल आणि १.६ जाडी घातली, कारण ड्रॉइंगवर १.६ होते आणि ३२० हा कधीतरी कोणीतरी सांगितलेला आकडा होता. ईडीडी प्रतीला टेन्साइलची पट्टी साधारण २७० ते ३५० अशी असते आणि दोन्ही टोकांचा पत्रा पूर्णपणे पास असतो. कॉइल १.५५ जाडीची आणि २९० ची आली तर ड्रॉचे बल २१ टनांवर येते आणि एकूण २८ टनांत काम होते. १.७ आणि ३५० अशी आली तर ड्रॉ २८ टनांवर आणि एकूण ३५ टनांवर जातो, आणि प्रेस ३३ च देते. आमच्याकडे शिफ्टभर चालणाऱ्या कॉइल पहिल्या प्रकारच्या होत्या आणि चिठ्ठी घेऊन येणाऱ्या दुसऱ्या. हिशेब नेहमी पट्टीच्या वरच्या टोकाने करावा आणि जाडी काठापासून थोडे आत मायक्रोमीटरने मोजून घालावी.

प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवणाऱ्या मशिनवर) हीच चूक अधिक महागात पडते, कारण तेथे जाडीचा वर्ग येतो. व्ही-डायमधल्या एअर बेंडिंगचे बल १.४२ × टेन्साइल × जाडीचा वर्ग × लांबी ÷ व्हीची रुंदी असे काढतात. ४१० टेन्साइलचा ३ मिमी पत्रा, अडीच मीटर लांब, २४ च्या व्हीमध्ये वाकवायला सुमारे ५६ टन लागतात. ऑपरेटरने आतली गोलाई लहान हवी म्हणून १६ ची व्ही लावली की तेच काम ८३ टनांच्या वर जाते. पत्रा ३ ऐवजी ३.२ निघाला तर आणखी १४ टक्के. कोन बरोबर येत नाही म्हणून तळापर्यंत दाबले तर तिप्पट ते पाचपट बल लागू शकते, आणि मग मशिनच नव्हे तर टूलही सांभाळावे लागते. एककांचा घोटाळाही ब्रेकवरच जास्त दिसतो: सर्टिफिकेटवर मेगापास्कल, जुन्या वहीत किलो प्रति चौरस मिमी आणि अमेरिकन मशिनच्या तक्त्यावर ९०७ किलोचा शॉर्ट टन. किलोन्यूटनला ९.८१ ने भागले की मेट्रिक टन मिळतात, एवढे भिंतीवर लिहून ठेवले तरी पुरते.

शेवटी काय केले

डायची मोकळीक १.८ मिमी केली, तोंडाची गोलाई १३ मिमीपर्यंत नेली आणि कुशनला पुन्हा मोठी टाकी जोडली. सलग चाल बंद करून एकेका स्ट्रोकवर काम लावले. त्यानंतर मध्यम कॉइलवर फ्लायव्हील २३५ ऐवजी २५० पर्यंतच उतरू लागले आणि क्लच किंचाळणे थांबले. कपाच्या काठावरचा चकचकीत पट्टा जवळजवळ नाहीसा झाला, तेव्हा क्वालिटीच्या माणसाने "फिनिश का बिघडले?" अशी विचारणा केली, ती वेगळी गोष्ट. एकाऐवजी दोन ड्रॉ करण्याचा विचारही झाला होता, पण त्यात दुसरी डाय आणि एक जास्तीची हाताळणी आली असती, म्हणून तो बाजूला ठेवला.

जड कॉइल मात्र या प्रेसवर चालवायच्याच नाहीत असे ठरले. शेजारच्या लाइनमध्ये १०० टनी हायड्रॉलिक प्रेस आहे. तिच्यावर तासाला निघणारे नग निम्म्यावर येतात, म्हणून तिथे फक्त आवश्यक तेवढेच काम जावे यासाठी कॉइलची निवड दारातच करणे भाग होते. ड्रॉचे बल जाडी आणि टेन्साइल यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात बदलते, बाकी सगळे या डायसाठी कायम आहे. म्हणून डाय कार्डवर एकच ओळ लिहिली: मोजलेली जाडी × सर्टिफिकेटची टेन्साइल, ५५० पर्यंत मेकॅनिकल, ५५० च्या वर हायड्रॉलिक. ५५० ला एकूण बल ३३ टनांना टेकते. ही ओळ लिहिल्यानंतर आलेल्या पहिल्या दोन कॉइलपैकी एकीचा गुणाकार १.६३ × ३१० म्हणजे ५०५ आला आणि दुसरीचा १.६७ × ३३६ म्हणजे ५६१. पहिली मामांनी ८० टनीवर लावली, दुसरी स्टोअरमधूनच शेजारच्या लाइनला गेली.